तिसरा लाल

रेश्मा सनदीला दोन लाल पडले होते. तिसरा पडला की कानामागे ‘निवांत’ लावून घ्यायचं, नाहीतर ओतकामाचं चाक सोडून गेटबाहेर व्हायचं. नोटीस दोन ओळींची होती आणि खाली मालकाची लफ्फेदार सही होती.

पाटकुळे फाउंड्रीत ती अकरा वर्षांपूर्वी वाळू भरायला लागली. घमेली वाहता वाहता लॅडलच्या चाकापर्यंत पोचली. लॅडल म्हणजे क्रेनला टांगलेलं भलंथोरलं भांडं. आत चौदाशे अंशांवर तापलेला लोखंडाचा रस, आठशे किलो. बाजूचं चाक फिरवलं की भांडं कलतं आणि रस वाळूच्या साच्यात उतरतो. चाक बोटभर जास्त फिरलं तर माणसं भाजतात. हात आखडला तर रस वाटेतच थिजतो आणि माल भंगारात जातो. कोल्हापूरबाहेरच्या त्या सगळ्या औद्योगिक वसाहतीत चाकावर हात ठेवलेली ती पहिली बाई. हे तिला कुणी शाल पांघरून सांगितलं नव्हतं. तिचं तिला ठाऊक होतं, तेवढं बास होतं.

‘निवांत’ आणलं विमा कंपनीनं. दोन वर्षांपूर्वी भट्टीपाशी दोघांची मारामारी झाली, एकाचा हात कोपरापर्यंत गेला, आणि कंपनी म्हणाली, डोकी थंड करा, नाहीतर विमा बंद.

मेंदूतून एक लांबलचक मज्जातंतू निघतो. मानेतून उतरून तो काळजाला, फुप्फुसांना, पोटाला भिडतो. काळजाला ‘जरा दमानं’ म्हणणारा तोच. त्याची एक बारीक फांदी कानापाशी कातडीखाली येते. तिथं हरभऱ्याच्या डाळीएवढं ‘निवांत’ चिकटवायचं. मनगटावरचा पट्टा नाडी, घाम, आवाज मोजत राहतो. उसळी दिसली की कानामागची डाळ त्या फांदीला विजेचे बारीक टोले देते. चार सेकंदांत काळीज ठिकाणावर. राग, भीती, रडू यातला फरक यंत्राला कळत नाही. त्याला उसळी तेवढी कळते.

आणि खोटं कशाला बोला, फायदा झाला. मारामाऱ्या थांबल्या. दारू पिऊन बायकोला बडवणारे दोघेतिघे घरी जाऊन गुमान टीव्ही बघायला लागले. ओतकामाच्या बावीस माणसांपैकी एकवीस जणांनी डाळ लावून घेतली. रेश्मानं नाही लावली. अशांसाठी नियम वेगळा होता. नुसता पट्टा बांधायचा. कष्टानं वाढलेली नाडी तो वेगळी ओळखायचा, पण आतून उसळी आली की पट्ट्यावरचा हिरवा दिवा पिवळा व्हायचा, आणि ती दहा सेकंद टिकली की एक लाल. तीन लाल म्हणजे माणूस धोकादायक.

पहिला लाल पडला तो सुपरवायझरमुळं. पाहुण्यांसमोर तो म्हणाला होता, “बाईच्या हाताला चूल शोभते, भट्टी न्हवं.” रेश्माच्या कानशिलात रक्त उसळलं. तिनं चाकावरचे हात काढले, एक पाऊल मागं घेतलं, लांब श्वास सोडला. शिवी नाही, अंगावर जाणं नाही. मग शांतपणे साचा भरला. तरी लाल! हातांनी काय केलं ते यंत्र बघत नव्हतं, आत काय पेटलं ते बघत होतं. ज्यानं पेटवलं त्याच्या मनगटावर मात्र हिरवंगार. यंत्र बनवणाऱ्यांनी आयुष्यात कुणाचा टोमणा खाल्ला नसावा.

दुसरा लाल सासऱ्यांचा. आठ महिन्यांपूर्वी भर पाळीत फोन आला, अण्णा गेले. रेश्मा वाळूच्या ढिगावर बसली आणि ढसाढसा रडली. लाल. दहा पावलांवर तिचा नवरा दिनकर उभा होता. हातात मळी काढायची लांब सळई. ओतताना रसावर येणारी घाण बाजूला सारणं हे त्याचं काम. बाप त्याचा गेला होता. त्याचा चेहरा एकदा वाकडा झाला, ओठ थरथरले, आणि मग चार सेकंदांत सगळं सपाट झालं.

“किती वाजता?” त्यानं विचारलं.

त्याच्या मनगटावर हिरवा दिवा होता. त्या दिवशी सगळं उरकल्यावर तो दोन भाकरी जेवला आणि म्हणाला, “आमटी झक्कास झालीया.”

*

रेश्मा नवऱ्याला डाळ काढा म्हणाली नाही. त्याचं कारण तिच्या डाव्या भुवईत होतं.

तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा फुटकळ भांडणात दिनकरनं काचेची ताटली भिंतीवर फेकली. कपचा उडाला आणि तिची भुवई फाटली. चार टाके. दिनकर दवाखान्याच्या पायरीवर स्वतःच्या थोबाडीत मारून घेत बसला होता. फाउंड्रीत ‘निवांत’ आलं तेव्हा पहिल्या रांगेत तोच. लाजेपोटी लावलं त्यानं, आणि तिच्यावरच्या मायेपोटीही. तेव्हापासून घरात ताटली फुटली नाही. पण हसूही फुटलं नाही. “बरं हाय”, “असू दे”, “चालतंय की”, ह्या तीन वाक्यांवर संसार चालला होता.

“तूबी लाव की,” नोटीस आल्यावर तो म्हणाला. “काय दुखत न्हाई.”

“त्येच तर. काईच दुखत न्हाई तुमाला.”

“मग चाक सोडशील?”

“चाकबी सोडणार न्हाई.”

“चालतंय की,” म्हणून त्यानं कूस बदलली. पूर्वीचा दिनकर असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. त्या भांडणाची तिला आठवण आली आणि आठवण आली म्हणून स्वतःचाच राग आला. भुवई फोडणारा माणूस हवा, की हा उशीला टेकवलेला तक्क्या? दोन्हीतलं एकही नको होतं. पण तिसरं काही असतं हे तिनं घरी कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि ते तिसरं तर ती स्वतः दर सोमवारी शिकून येत होती.

*

सोमवारी वसाहतीला सुट्टी. सकाळी दहाला गावच्या समाजमंदिरात वर्ग भरायचा. कागदावर त्याचं नाव ‘तीव्र भावना हाताळण्याची कौशल्ये’. गावात ‘रागीट बायकांची शाळा’. चालवायच्या नजमा सिस्टर. सरकारी दवाखान्याच्या मनोविकार विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. आवाज असा की भिंतीवरची पाल थांबावी.

“तुमचा राग मला नको,” पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या. “ठेवा तुमच्यापाशी. मला तुमचे हात पायजेत, तुमच्या ताब्यात. हे कसब हाय बायांनो, भाकरी थापण्यासारखं. पहिल्या चार करपणारच.”

त्यांनी शिकवलेलं सगळं साधं होतं. उसळी फार मोठी असेल तर घमेल्यात गार पाणी घे, श्वास रोखून तोंड बुडव. पाण्यात बुडी मारल्यासारखं वाटून काळीज आपोआप हळू पडतं. मन एकीकडे ढकलत असेल तर मुद्दाम उलट चाल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुरावा. डोळ्यांनी काय दिसलं? मनानं पदरचं काय घातलं? “पुरावा खोटा निघाला तर भावना सोडून द्यायची. खरा निघाला,” सिस्टर बोट वर करायच्या, “तर तिला मारायचं न्हाई. तिला कामाला लावायचं.”

पण या सगळ्याच्या आधी एक पायरी होती. आत जे उठलंय त्याला नेमकं नाव द्यायचं. इथं गाडं अडलं होतं. बाया ‘कसंतरी होतंय’च्या पुढं जाईनात. शेवटी सत्तरीच्या तानूबाई वैतागून म्हणाल्या, “नावच घ्यायचं हाय न्हवं? मग उखाण्यात घेऊ की! दाल्ल्याचं घ्यायला लाजलो न्हाई, ह्येला काय लाजायचं?” आणि लगेच पदर खोचून,

“दारात लावली दोडक्याची वेल,
हेव्याचं नाव घेते, जावंच्या दिव्यात जास्त तेल.”

समाजमंदिर दणाणलं. रेश्माची पाळी आली तेव्हा तीही म्हणाली,

“चुलीवर ठेवला चहाचा टोप,
रागाचं नाव घेते, उडालीया झोप.”

सिस्टर हसता हसता वहीत टिपायला लागल्या. त्यांच्या ध्यानात आलं होतं की ह्या बायांनी पुस्तकाच्या पुढची उडी मारली आहे. भावना उसळते ती मेंदूत खोलवर असलेल्या बदामाएवढ्या गाठीतून. ती खवळली की कपाळामागचा विचार करणारा भाग गपगार पडतो. नुसतं नाव दिलं तरी तो जागा होतो. पण यमक जुळवायचं म्हटलं की त्याला अंथरूण सोडून उठावंच लागतं. दोन ओळी जुळेपर्यंत दहा सेकंद जातात, आणि तेवढ्यात हात पुन्हा आपले होतात. कुठल्या मोठ्या संशोधन संस्थेत नाही, पत्र्याच्या समाजमंदिरात, ज्यांना गाव भांडकुदळ म्हणतं त्या बायांनी हे शोधलं. कुणी त्यांचा फोटो छापला नाही. रेश्माला मात्र त्या खोलीत बसलं की छाती फुगल्यासारखं वाटायचं.

*

नव्या ऑर्डरचा पहिला साचा ओतायचा दिवस उजाडला. पाण्याच्या परदेशी पंपाचं भलंमोठं धूड होतं. मालकांचा मुलगा विक्रांत, परदेशात शिकून आलेला, पाहुण्यांना घेऊन हजर. कॅमेरे, फेटे, हार. मालक लोकांच्या कानामागं डाळ नव्हती, हे सांगायला नकोच.

फाउंड्रीत पहिल्या ओतणीला नारळ फुटतो. भट्टीच्या पायाशी एक जुना लोखंडी ठोकळा आहे, त्यावर. वाडवडिलांपासूनची जागा. ती का, हे कुणी विचारत नाही. पण ती साच्यांपासून पंचवीस पावलं लांब आहे ही गोष्ट काही उगाच नाही. विक्रांतला मात्र त्या काळ्या ठोकळ्यापाशी फोटो नको होता. साचा फुलांनी सजवला होता. त्यानं नारळ उचलला आणि साच्याच्या लोखंडी चौकटीवर, रस ओतायच्या तोंडापाशी खाडकन फोडला. टाळ्या पडल्या.

रेश्मा तेव्हा भट्टीपाशी लॅडल भरून घेत होती. आवाज तिनं ऐकला, बघितलं नाही. क्रेनवाले सदाभाऊ लॅडल अलगद घेऊन आले. ती चाक धरून बरोबर चालत आली. साच्याशी पोचली, वाकली, आणि तिला दिसलं. ओतायच्या तोंडाची वाळू एका बाजूनं काळपट झालेली. कडेला खोबऱ्याची पांढरी कपची.

पाणी आत गेलं होतं.

भट्टीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की ओला साचा म्हणजे मरण. तापल्या रसाखाली पेलाभर पाणी सापडलं तर पापणी लवायच्या आत त्याची हजारपट फुगलेली वाफ होते. तिला वाट हवी असते. वाट वरच असते. लोखंडाचं कारंजं उडतं, आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांची ओळख पटवायला नंतर दात तपासावे लागतात.

रेश्माच्या आत उसळी आली. मनगटावरचा पट्टा थरथरला. पिवळा.

तिला दहा सेकंद होते. तो लाल टाळणं तिला सहज जमलं असतं. नजर फिरवायची, लांब श्वास सोडायचा, मनाला सांगायचं, ‘एवढी सगळी माणसं उभी आहेत, कुणी काही बोललं का?’ खरंच कुणी बोलत नव्हतं. समोर दिनकर सळई घेऊन शांत उभा. सगळे शांत. हिरवे.

पुरावा काय? काळी वाळू. खोबरं. ओली कड. मनानं पदरचं काही घातलं नव्हतं. भीती खरी होती, आणि खऱ्या भीतीला मारायचं नसतं. पण हात कापत होते. कापत्या हातांत आठशे किलो रस होता. तिनं ओठातल्या ओठात म्हटलं,

“भट्टीतनं निघालं लालभडक लोखंड,
भीतीचं नाव घेते, डोकं ठेवते थंड.”

मनगटावर लाल पडला. हात थांबले.

“सदाभाऊ, मागं! दोन नंबरच्या साच्यावर घ्या! ह्यो ओला हाय!”

“अगं, पण—” विक्रांत पुढं आला. “काय चाललंय? कॅमेरे सुरू आहेत! ओत आधी!”

“दादासाहेब, तुमचा नारळ आत पाणी सोडून गेलाय. पाहुण्यांना भिंतीकडं न्या.”

“चमचाभर पाण्यानं काय होतंय? ही बाई डाळ लावत नाही म्हणून असलं नाटक—”

रेश्माला राग आला. तोही खरा होता. पण त्याची पाळी नंतर. रस थिजायला चार-पाच मिनिटं उरली होती. तिनं लॅडल दोन नंबरवर नेलं, एक थेंब न सांडता साचा भरला. मग तपासणीसाठी ठेवलेला वावभर लांब दांड्याचा चमचा तळाशी उरलेल्या रसात बुडवला.

“सगळी आडोशाच्या पत्र्यामागं व्हा,” ती म्हणाली, आणि स्वतः पत्र्याआडून दांडा लांबवून तो चमचाभर रस पहिल्या साच्याच्या तोंडात सोडला.

धडाड्! वाळू आणि ठिणग्या थेट छपराला भिडल्या. झेंडूची फुलं जळत खाली आली. पाहुणे किंचाळत गेटकडं पळाले, सगळ्यात पुढं विक्रांत.

आणि बाकीची एकवीस माणसं? ती दचकली. पण चार सेकंदांत एकेक चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला. सदाभाऊंच्या बाहीवर ठिणगी पडली होती. त्यांनी ती भाकरीचं पीठ झटकावं तशी झटकली. रेश्माला त्या धडाक्यापेक्षा त्या शांततेचं भय वाटलं.

ती दिनकरपाशी गेली. “तुमी हितंच हुता. पाणी आत जाताना दिसलं न्हाई तुमाला?”

“दिसलं हुतं की,” दिनकर म्हणाला. “पोटात कायतरी हललंबी. मग गेलं.” तो जळक्या फुलांकडं बघत राहिला. “तू चाकावर हुतीस, रेश्मा. पाणी दिसलं, तू दिसलीस. आणि मला काय वाटलंच न्हाई.”

त्यानं हात कानामागं नेला आणि डाळ उपटून काढली. तो वाळूत बसला.

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रेश्मापुढं रजिस्टर सरकवलं गेलं. “तिसरा लाल,” विक्रांत तिच्याकडं न बघता म्हणाला. “नियम सगळ्यांना सारखा.”

“कुठं सही करू?”

लालच्या रकान्यापुढं ‘कारण’ म्हणून एक रकाना होता. आजवर त्यात कुणी काही लिहिलं नव्हतं. रेश्मानं पेन घेतलं. तिसऱ्यापुढं लिहिलं, ‘भीती. खरी होती.’ मग वर जाऊन पहिल्यापुढं, ‘राग. खरा होता.’ शेवटी दुसऱ्यापुढं, ‘दुःख. माझा सासरा होता.’

“हे काय लिहिलंस?”

“तुमच्या यंत्राला जे वाचता येत न्हाई ते. गेट कुठाय मला माहिती हाय, दादासाहेब.”

ती मान ताठ ठेवून बाहेर पडली. क्रेनखाली सदाभाऊ उभे होते. कानामागं लाल व्रण. डाळ त्यांच्या तळहातावर.

“मी क्रेन चालीवतो, वैनी,” ते म्हणाले. “मला भ्या वाटाय पायजे.”

पुढं काय झालं? पाहुण्यांच्या मोबाइलमधून तो धडाका आणि ओल्या साच्यापाशी शांत उभी माणसं विमा कंपनीपर्यंत पोचली. ज्या कंपनीनं डाळ लावायला लावली होती, तिनंच कळवलं की ओतकामावर डाळ चालणार नाही. तिसऱ्या दिवशी रेश्माला बोलावणं आलं. “आमचा आधीपासून हाच विचार होता,” विक्रांत म्हणाला. मोठ्या माणसांचे विचार नेहमी आधीपासूनचेच असतात. तिनं वाद घातला नाही. जाऊन चाकावर हात ठेवला.

घरी मात्र तिनं वाद घातला. दिनकर दोन दिवस झोपला नव्हता. चिडत होता, रडत होता, मुठी आवळत होता. तिसऱ्या दिवशी चहा सांडला म्हणून त्यानं कप उगारला आणि स्वतःच हबकून खाली ठेवला.

“लावतो परत,” तो म्हणाला. “तुझ्या दुसऱ्या भुवईला टाके नको.”

“डाळ न्हाई. सोमवारी माझ्यासंगं शाळेत यायचं. करपल्या तर करपू द्यात चार भाकरी. पण शिकायचं. आणि शिकायचं नसंल तर ह्या घरात पाऊल टाकायचं न्हाई. कळलं?”

त्यानं तिच्या भुवईकडं बघितलं. मान डोलावली.

*

सोमवारी समाजमंदिरात तीस बाया आणि एक बाप्या. दिनकर दाराजवळच्या सतरंजीवर अंग चोरून बसला होता. बाया तोंडाला पदर लावून खुसखुसत होत्या. नजमा सिस्टर म्हणाल्या, “नवीन माणसानं आधी नाव घ्यायचं. आत काय उठलंय त्याचं.”

“मला यमक जमत न्हाई, सिस्टर.”

“लगीन झालं तवा घेतलं हुतंस न्हवं?” तानूबाई खेकसल्या. “मग?”

दिनकर उठून उभा राहिला. सतरंजीच्या दशांकडं बघत राहिला. दहा सेकंद गेले, वीस गेले. मग त्याचा आवाज आला, फाटका.

“खुंटीवर टोपी, अण्णांची अजून…
दुःखाचं नाव घेतो… आठ महिन्यांनी भिजून.”

आणि तो रडला. ओंजळीत तोंड घालून, खांदे हलवत, बापासाठी. कुणी हसलं नाही. कुणी गप्प बसवलंही नाही. सिस्टर तेवढं म्हणाल्या, “येऊ दे. लाट हाय, उतरंल.”

कोपऱ्यातल्या एका नव्या सुनेनं शेजारणीला हळूच विचारलं, “ह्ये कोण वं?”

ते रेश्मानं ऐकलं. त्या गावात बाई नवऱ्याचं नाव सरळ घेत नाही, उखाण्याच्या आडून घेते. रेश्मा उभी राहिली. तिचं काळीज धडधडत होतं, मनगटावर पट्टा असता तर लाल पडला असता. तिनं आडोसा घेतला नाही.

“दिनकर,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “दिनकर सनदी. माझा नवरा हाय.”